बटणाचा ‘साचा’ नव्हे, खोड

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी पोशाखांविषयी आलेला लेख आवडीने वाचला. त्यात अठराव्या शतकातील एका शिंप्याच्या बिलाचा मराठी तर्जुमा दिला असून ‘बटणांचे साचे, दोन डझन’ अशी एक नोंद आहे. मूळ शब्द ‘मोल्ड’ असणार हे उघड आहे. त्याचा अर्थ ‘बुरशी’ असा केला गेला नाही, याबद्दल लेखकाचे आभारच मानले पाहिजेत. पण ‘साचा’ हा अर्थही तेथे लागू पडत नाही.

साच्यातून वस्तू काढली की साचा मोकळा होतो आणि पुढच्या वस्तूसाठी पुन्हा वापरता येतो. शाडूचे गणपती करणाऱ्याकडे मूर्तीगणिक एक साचा नसतो. मग एका कोटासाठी शिंपी दोन डझन साचे कशाला विकत घेईल? त्या काळच्या शिवणकामात ‘मोल्ड’ म्हणजे लाकडाची किंवा हाडाची लहान चकती. तिच्यावर कोटाचेच कापड ताणून मागे टाके घालून आवळत, किंवा रेशमी धागा गुंडाळून नक्षी काढत, आणि ते बटण कोटावर लावत. म्हणजे ही वस्तू बटणाच्या पोटात कायमची राहते. फ्रेंच बटणकारही तिला ‘मूल’ म्हणजे साचाच म्हणत, तेव्हा गोंधळाचे मूळ युरोपातच आहे; आपण तो मराठीत आणण्याचे कारण नाही.

त्याच लेखात मधोमध एकच भोक असलेल्या हाडाच्या चकतीचे चित्र असून खाली ‘एकछिद्री बटण’ असे छापले आहे. ही चकतीही बहुधा तीच असावी. सपाट हाडातून अशा चकत्या काढताना मध्ये टोक असलेले गिरमिट वापरत, त्यामुळे भोक आपोआप मध्यभागी पडे. उत्खननांत ओळीने गोल भोके पडलेल्या हाडाच्या पट्ट्या सापडतात, त्या या कामातून उरलेले टाकाऊ तुकडे होत.

ही चकती क्षुल्लक वाटेल, पण तिच्यावर काय चढवावे, कापड की रेशीम, यावरून इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदे केले. १६९८ साली कापडाने मढवलेली बटणे करण्यास व विकण्यास बंदी आली, आणि पुढे पहिल्या जॉर्जच्या काळात ती आणखी कडक झाली; कारण मॅक्लसफील्ड, लीक या भागांतील रेशमी बटणे करणाऱ्यांचा धंदा शिंप्यांच्या फुकटच्या चिंध्यांमुळे बुडत होता. लाकडी चकती मागे पडू लागली ती एकोणिसाव्या शतकात. १८०७ च्या कोपनहेगनवरील तोफमाऱ्यात सर्वस्व गमावलेला सँडर्स नावाचा कारखानदार इंग्लंडला आला आणि त्याने पत्र्याच्या दोन चकत्यांच्या कडा एकमेकींत दुमडून कापड पकडण्याची रीत आणली. १८२५ मध्ये त्याच्या मुलाने मागे सुई सहज जाईल असा कापडी दांडा बसवला. वस्तू बदलली, तसा ‘मोल्ड’ हा शब्दही हळूहळू मागे पडला.

माझे वडील रविवार पेठेत शिवणकाम करीत. ब्लाउजच्या कापडाचे तुकडे घेऊन बटणे मढवून आणण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. दुकानदार हातप्रेसमध्ये खाली कापड, वर पत्र्याची वाटी आणि तिच्यावर पाठ ठेवून दांडा ओढी, की बटण तयार. मापाला ‘लाइन’ म्हणत. चाळीस लाइनींचा एक इंच, म्हणून चोवीस नंबर म्हणजे साधारण पंधरा मिलिमीटर. पण आतल्या वाटीला वेगळे नाव असल्याचे माझ्या कानावर कधी आले नाही. ‘आतला पत्रा’ एवढ्यावर भागत असे.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द सापडत नाही, याचे कारणही साधे असावे. आपली गुंडी कापडाच्या पट्टीची गाठ मारून होते. तिला आतून आधार लागतच नाही. हल्लीच्या पोटली बटणातही कापूस नाहीतर मणी भरतात. (ज्यात बटण जाते ते ‘काज’ मात्र पोर्तुगिजांकडून आले, ‘काझा’ म्हणजे घर, आणि बटणाचे भोकही.)

तरीही शब्द उसना घ्यावा लागू नये. ‘मढवणे’ हे क्रियापद आपल्याकडे आहेच, आणि जे मढवायचे त्याला तबला करणारे ‘खोड’ म्हणतात. तबल्याच्या लाकडी खोडावर पुडी म्हणजे चामडे चढते, तसे बटणाच्या खोडावर कापड चढते, आणि तबला वाजतो तोवर खोड आतच असते. साच्यापेक्षा हा शब्द मला वस्तुस्थितीला धरून वाटतो. तो जड वाटत असेल, तर निदान ‘आतली चकती’ असे लिहावे.

पुढील रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. तिच्यासोबत कसबा आणि रविवार पेठेतील जुन्या शिंप्यांना, तसेच काज-बटण करणाऱ्या कारागिरांना, या भागाला ते काय म्हणत असत हे कळवण्याचे आवाहन केल्यास फार बरे होईल. त्यांच्याकडून खरा शब्द मिळाला, तर माझे ‘खोड’ मी आनंदाने मागे घेईन.

आपला,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे