मनूची सॅक

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "बारा वर्षांच्या पोरीला आठ दिवस डोंगरात पाठवायचं म्हणजे जरा अतीच होत नाही का?" मी "नंतर बोलते" म्हणून विषय टाळला. मनू शेजारीच बसली होती. शिवाय उत्तर माझ्याकडे तयार होतं असंही नाही. आता ती झोपली आहे, तर सविस्तर लिहिते.

बाबा, पैसे भरायच्या आधी मी शिबिरवाल्यांना तुमच्यासारखेच प्रश्न विचारले. किती मुलांमागे एक प्रशिक्षक, प्रथमोपचाराचं शिक्षण कुणाकुणाचं झालंय, दवाखाना किती लांब. पण माझा जीव खरा भांड्यात पडला तो विजेबद्दल विचारलं तेव्हा. पहिला गडगडाट ऐकू आला की मुलांना पाण्यातून बाहेर काढायचं, उंचावरून खाली आणायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय पुन्हा सोडायचं नाही, असं त्या बाईंनी आठवायला न थांबता सांगितलं. अशा माणसांकडे पोरगी सोपवायला हरकत नाही, असं मला वाटलं.

बूट दोन महिन्यांपूर्वीच घेतले. उतारावर बोटं पुढे आपटतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून. रोज संध्याकाळी ती ते घालून चालते. पहिल्या मोठ्या फेरीनंतर घरी आली आणि मोजा काढला, तर टाचेला रुपयाएवढा फोड. तासभर तशीच चालली होती. टाच नुसती गरम वाटायला लागली की तिथेच थांबून पट्टी लावायची असते, म्हणजे फोड येतच नाही. हे तिला माहीतही होतं. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं असतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. म्हटलं, सामान काय, यादी बघून भरता येतं. या मुलीला "थांबा, मला दुखतंय" म्हणायला कसं शिकवायचं? राग मानू नका, पण आपल्या घरात कुरकुर न करणाऱ्या मुलाचं फार कौतुक व्हायचं. मीही तशीच वाढले आणि नकळत मनूलाही तेच शिकवलं. डोंगरात ते चालत नाही. तहान लागली, थंडी वाजली, गरगरलं, दोरीवर भीती वाटली, तर प्रशिक्षकाला तोंडाने सांगावंच लागतं. गेला महिनाभर आम्ही तेवढंच घोकतोय. मी उगाच भरभर चालते आणि ती मागून "आई, थांब" म्हणेपर्यंत थांबत नाही. सुरुवातीला गाल फुगवून चालायची. परवा मात्र चारदा थांबवलंन मला, त्यातलं एकदा तर नुसतं फुलपाखरू बघायला!

आई, तिची पाळी अजून सुरू झालेली नाही, पण शिबिरातच सुरू होऊ शकते. सॅकच्या वरच्या कप्प्यात एक छोटी पिशवी ठेवली आहे. त्यातलं काय कसं वापरायचं आणि कुठल्या ताईंना सांगायचं, हे आम्ही दोनदा बोललोय. बाबा, हा परिच्छेद तुम्हीही वाचा. मनूला तुमच्यासमोर लाजावं लागू नये.

तब्येतीच्या फॉर्मवर मी सगळं लिहिलं. अ‍ॅलर्जीची गोळी, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख, आणि दीड वर्षापूर्वी ती एकदा झोपेत चालली होती तेही. "कशाला सांगायचं ते?" असं तू म्हणालीस खरी, पण रात्री तंबूशेजारी झोपणाऱ्या माणसाला ते माहीत असायला नको का? गोळ्या मूळ पाकिटातच, किती आणि केव्हा द्यायच्या या चिठ्ठीसकट प्रशिक्षकांकडे जातील.

सॅकचं रामायण वेगळंच. या वयाच्या मुलांनी आपल्या वजनाच्या फार तर दहा ते पंधरा टक्के ओझं उचलावं म्हणतात. मनूचं वजन 38 किलो, म्हणजे 5.7 किलो ही शेवटची हद्द. तिने पहिल्यांदा भरली ती निघाली साडेसात किलोची! तीन जाडजूड पुस्तकं, दोन जीन्स आणि केसांचा ब्रश, आरशासकट. मी एकही वस्तू काढली नाही. फक्त म्हटलं, ही घेऊन चार मजले चढून ये. तिसऱ्या फेरीनंतर पुस्तकं आपोआप बाहेर आली. जीन्सबद्दल मात्र मी बोलले, कारण सुती कापड एकदा भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. उलट तुझा लोकरीचा स्वेटर ओलसर झाला तरी ऊब देतो, म्हणून तो चाललाय. आता कृपा करून दुसरा विणायला घेऊ नकोस. जड सामान पाठीला चिकटून ठेवायचं आणि कमरेचा पट्टा घट्ट आवळायचा, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो, हे मलाही आत्ताच कळलं.

एकदा माझी चूक झाली. ती शाळेत असताना मी तिची सॅक नीट लावून ठेवली. कपड्यांच्या घड्या वगैरे. रात्री आमचा खेळ असतो, दिवे बंद करून टॉर्च आणि रेनकोट शोधायचा. तिला काहीच सापडेना. "तू हात लावलास ना?" असं अंधारातूनच ओरडली. तेव्हापासून हात लावलेला नाही. घड्या वाईट आहेत, पण दहा मोजेपर्यंत टॉर्च बाहेर येतो.

आता तुमच्याकडे एक काम. शिबिरात फोन नाही. घरची आठवण येणारच. मी तिला "नाही करमलं तर लगेच न्यायला येईन" असं मुद्दाम म्हटलेलं नाही. तसं म्हटलं की पहिल्या संध्याकाळपासून ती माझी वाटच बघत बसेल, आणि आईलाच खात्री नाही हेही तिला कळेल. पण पत्रं देतात, चौथ्या दिवशी. तर तुम्ही दोघांनी एकेक लिहा. फक्त "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" असलं काही लिहू नका, ती तंबूत बसून रडेल. तिला प्रश्न विचारा. दोरीवरून उतरताना पहिलं पाऊल कसं टाकलं, रात्री कसले आवाज येतात. बाबा, ती आठाच्या आकाराची गाठ शिकतेय आणि दरवेळी दोरीचं टोक चुकीच्या बाजूने घालते. तुमच्या पद्धतीने चित्र काढून पाठवा. माझ्या चित्रावर तिचा विश्वास नाही.

पत्रं दहा तारखेपर्यंत माझ्या हातात हवीत. ती बारा तारखेला निघते.

तुमची,
सुमा

ता. क. हरवलं तर फिरत बसायचं नाही, जागेवरच थांबून शिट्टी तीनदा वाजवायची, असं तिला शिकवलंय. तिने ती काल पहाटे साडेपाचला वाजवून बघितली. पुढच्या वेळी फोनवर शेजारच्या काकूंनी तक्रार केली, तर तुम्हाला काहीच माहीत नाही.