नानांना वेगळं घर देण्याआधी

दादर, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी लोकलच्या गर्दीत होतो. धड ऐकू येत नव्हतं, पण एवढं कळलं की चॅनेलला तू मालिकेत रंगवतोस त्या नानांवर स्वतंत्र मालिका काढायची आहे आणि गुरुवारपर्यंत उत्तर हवंय. आधी मनापासून अभिनंदन! पंधरा वर्षं तू दुसऱ्यांच्या मालिकांत येऊन-जाऊन काम केलंस, आता शीर्षकात तू असशील. फार आनंद झाला रे.

तरी झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

नाना लोकांना का आवडतात, आठवून बघ. दोनदा बेल वाजते, तू चप्पल काढत आत येतोस, टीपॉयवरचा पेपर उचलतोस, नीट घडी करून काखेत मारतोस आणि चालता होतोस. जेमतेम दीड मिनिट. पण हसू येतं ते सोफ्यावरच्या जावयाच्या तोंडाकडे बघून, कारण त्याचं शब्दकोडं अर्धंच राहिलेलं असतं. नव्या मालिकेत पेपर नानांच्याच घरी येणार. मग नानांनी करायचं काय?

मी यातून गेलोय. त्या मावशींची मालिका आठवते ना? मूळ मालिकेत त्या आल्या की घर हलायचं. त्यांना वेगळा फ्लॅट दिला, मढला सेट लागला, संवाद माझ्याकडे आले. चौथ्या आठवड्यातच मी त्यांना फोनवर बोलायला लावू लागलो, कारण त्यांना अडवणारं माणूसच घरात नव्हतं. तीन महिन्यांत गाशा गुंडाळला. शेवटच्या दिवशी कामगार स्वयंपाकघराची भिंत उतरवत होते आणि मावशी मेकअप न काढता तिथेच बसून होत्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अमेरिकेत हे कितीदा झालंय. 'थ्रीज कंपनी'मधल्या घरमालक रोपर नवरा-बायकोला 1979 मध्ये स्वतंत्र मालिका मिळाली. रोपर रंगवणाऱ्या नॉर्मन फेल यांचं मन होत नव्हतं. चालतं काम सोडायचं कशाला? वर्षाच्या आत बंद पडली तर मूळ मालिकेत परत घेऊ, असा शब्द मिळाला तेव्हा ते तयार झाले. 28 भाग झाले आणि मालिका बंद झाली ती वर्षाची मुदत उलटल्यावर. तोवर डॉन नॉट्स नवे घरमालक म्हणून रुळलेही होते. बंड्या, हा परिच्छेद दोनदा वाच.

'फ्रेंड्स' 2004 मध्ये संपल्यावर जोईला लॉस एंजेलिसला नेलं. नट तोच, लकबी त्याच, पण त्याच्या बावळटपणावर चिडणारा, त्याला सांभाळून घेणारा मित्र चँडलर नव्हता. 46 भागांत 2006 ला आटोपलं. 'चिअर्स' या विनोदी मालिकेतल्या कार्लाच्या आधीच्या नवऱ्यावर काढलेली मालिका तर 1987 मध्ये 13 भागांतच गेली.

पण त्याच 'चिअर्स'मधला मानसोपचारतज्ज्ञ फ्रेजर बघ. 1993 पासून अकरा सीझन! लेखकांनी त्याला बोस्टनहून सिएटलला नेलं आणि त्याच्या देखण्या फ्लॅटमध्ये निवृत्त पोलीस बाप आणून बसवला, त्याच्या जुनाट आरामखुर्चीसकट. फ्रेजरने काहीही शहाणपणा सांगावा आणि बापाने नुसतं बघावं. आपल्याकडेही 'भाभीजी घर पर हैं'मधल्या दरोगा हप्पू सिंगची मालिका 2019 ला निघाली आणि वर्षानुवर्षं चालली. ठाण्यात रुबाब करणाऱ्या माणसाला घरी बायको, आई आणि नऊ पोरं दिली. कुणी ना कुणी त्याला 'नाही' म्हणणारच.

तेव्हा मीटिंगमध्ये पैशांच्या आधी एवढंच विचार: नानांच्या घरात त्यांचा पेपर कोण पळवणार? नाव, नातं, वय सांगता आलं तर त्यांनी विचार केलाय. 'ते लिहिता लिहिता सापडेल' असं उत्तर आलं, तर माझ्या मावशी आठव. आणि परतीचं तोंडी सांगतील, ते करारात लिहून घे, तारखेसकट. मूळ मालिकेत महिन्यातून चार दिवस तरी नाना राहू देत, म्हणजे ती जागा दुसऱ्याला जाणार नाही.

मला विचारशील तर नानांची सून हवी, सकाळी त्यांच्या आधी उठणारी. दोन सीन लिहून ठेवलेत. बुधवारी संध्याकाळी कराराचा मसुदा घेऊन घरी ये, वहिनींनाही आण. जेवण इथेच.

तुझा,
दिग्या