स्टायपेंड शिकतानाच मिळावे : तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. तंत्रशिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स. न. वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत ते अशासाठी लिहीत आहे की, इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगरातल्या ज्या घरांतून मुले-मुली इंजिनिअरिंगला जातात, तिथेही ते वाचले जावे.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यातून उत्पादन विभागाचा अभियंता म्हणून निवृत्त झालो. दर जूनमध्ये कॉलेजांची मुले समर ट्रेनिंगचे पत्र घेऊन एकदमच गेटवर येत. एखादा सुपरवायझर आपले काम बाजूला ठेवून त्यांना शॉप फ्लोअरवरून फिरवून आणी, मुले मशीनवरच्या पट्टीवरची माहिती वहीत उतरवून घेत आणि चार आठवड्यांनी प्रमाणपत्र घेऊन जात. त्यातल्या कित्येक प्रमाणपत्रांवर माझीच सही आहे, आणि त्या मुलांपैकी किती जणांनी मापाचे गेज हातात धरून एक तरी नग मोजला, असे कोणी विचारले तर मला मान खाली घालावी लागेल.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे इंटर्नशिप धोरण पदवी अभ्यासक्रमात 600 ते 700 तासांची अपेक्षा धरते. रोजचे आठ तास धरले तर 600 तासांना कामाचे 75 दिवस, म्हणजे जवळजवळ तीन महिने लागतात. एवढे दिवस इंदूरहून पीथमपूरला रोज जायचे-यायचे, किंवा तिथेच खोली घेऊन राहायचे, तर खर्च कोणी करायचा याचे उत्तर कोणाकडे नाही. मग ज्याच्या वडिलांची ओळख आणि ऐपत आहे तो खरी इंटर्नशिप करतो. बाकीच्यांपैकी काही जण कागद विकत आणतात.

शासनाने या कामी पैसा ठेवलेलाच नाही, असे नाही. पण 2024 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना, तिच्या मूळ अटींनुसार, 21 ते 24 वर्षांच्या आणि पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्या तरुणांसाठी होती. म्हणजे सातव्या सेमिस्टरचा विद्यार्थी विद्यार्थी आहे म्हणूनच बाहेर राहिला. काम शिकता शिकता स्टायपेंड देणाऱ्या आपल्या राज्याच्या सीखो-कमाओ योजनेत बारावी उत्तीर्ण तरुणाला दरमहा 8,000 रुपये ठरवले गेले, त्यातले 75 टक्के शासनाने आणि 25 टक्के आस्थापनेने द्यायचे. हीच विभागणी पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला लागू करावी, एवढेच माझे मागणे आहे. तीन महिन्यांचे 24,000 रुपये होतात, त्यात शासनाचा वाटा 18,000. हजार विद्यार्थ्यांमागे 1 कोटी 80 लाख. ही रक्कम कॉलेजकडे न जाता हजेरीनुसार दरमहा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावी.

मात्र निव्वळ स्टायपेंडने काम भागणार नाही. सांवेर रोडवरचा वीस कामगारांचा कारखानदार मुलांना नाही म्हणतो तो कंजूषपणाने नव्हे. त्याच्याकडे शिकवायला मोकळा माणूस नसतो, आणि मुलाचे बोट प्रेसमध्ये गेले तर जबाबदारी कोणाची, ही धास्ती त्याला असते. म्हणून अपघात विमा आणि सेफ्टी शूजचा खर्च योजनेतच धरावा, आणि शिकवणाऱ्या सुपरवायझरला प्रत्येक विद्यार्थ्यामागे काही मानधन द्यावे. माझ्या अनुभवात सगळी गाडी अडते ती याच माणसाशी, आणि कुठल्याही परिपत्रकात त्याचा उल्लेख मी पाहिलेला नाही.

जूनची गर्दीही टाळता येईल. 1952 पासून चालत आलेली आपली गोविंदराम सेकसरिया तंत्रशिक्षण संस्था आणि देवी अहिल्या विद्यापीठाची अभियांत्रिकी संस्था, या दोघींनी आपापल्या तुकड्या वर्षभर आळीपाळीने पाठवल्या, तर एका कारखान्यात एका वेळी तीन-चारच मुले असतील आणि तेवढ्यांना काम देता येते. येत्या सत्रात प्रयोग म्हणून या दोन संस्थांपासून सुरुवात करावी. सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाला माणूस हवा असेल तर मी विनामोबदला येईन.

कळावे,

आपला,
पीथमपूरचा एक निवृत्त अभियंता
राजेंद्रनगर, इंदूर