लहान शेतांच्या हद्दी जपून आखाव्यात

संपादक महोदय,

शेतजमिनींची नोंद नकाशाधारित सरकारी नोंदवहीत होणे आवश्यकच आहे. मात्र लहान शेतांच्या बाबतीत किरकोळ चूकही किती महागात पडते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. १०० मीटर लांब आणि तितक्याच रुंद, म्हणजे १ हेक्टरच्या शेताची एक हद्द मीटरभर आत सरकली, तर १ टक्का क्षेत्र जाते. पण तेवढ्याच लांबीच्या, १० मीटर रुंद पट्टीत तीच चूक मालकाचा दहावा हिस्सा गिळते, आणि मोबाइलमधील जीपीएस तर सहज काही मीटर चुकू शकते. बांध झाडांखाली झाकला गेला असेल, तर उपग्रह छायाचित्रातही तो दिसत नाही.

रवांडाने २००९ ते २०१३ या काळात सुमारे एक कोटी तुकड्यांची नोंद केली, ती शेजाऱ्यांना बांधावर बोलावून, हवाई छायाचित्राच्या छापील प्रतीवर त्यांच्यादेखत रेघ ओढून. ही पद्धत मला अधिक विश्वासार्ह वाटते. कार्यालयात बसून रेषा आखायच्या आणि हरकतीसाठी शेतकऱ्याने हेलपाटे घालायचे, हा अन्याय आहे. नोंद अंतिम होण्यापूर्वी नकाशाची प्रत प्रत्येक कसणाऱ्याच्या हाती पडावी, आणि वारसांनी आपसांत वाटून घेतलेले, पण कागदावर एकत्रच राहिलेले हिस्से त्याच वेळी वेगळे दाखवले जावेत.

– एक वाचक