थायरॉइड वाढलंय, आता स्टिरॉइडकडे बघ

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

रिपोर्ट पाहिले. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक) जवळजवळ शून्य, टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वाढलेला. म्हणजे ॲडिसनच्या (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याच्या) जोडीला ग्रेव्ह्ज (थायरॉइड अति काम करण्याचा आजार) आलाय. शरीराची प्रतिकारशक्ती एका ग्रंथीवर उलटली की दुसरीवरही उलटू शकते.

मला थायरॉइडपेक्षा तुझ्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींच्या संप्रेरकाची, काळजी जास्त वाटते. थायरॉइड वाढलं की शरीर कॉर्टिसॉल भराभर मोडून टाकतं. इतरांच्या ॲड्रिनल ग्रंथी जास्त बनवून ती तूट भरून काढतात, तुझ्या काढू शकत नाहीत. त्यामुळे एरवी दिवसभर पुरणारं २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी घ्यायचं स्टिरॉइड) आता कमी पडतं. अशा वेळी डोस बऱ्याचदा दुप्पट, कधी तिप्पट करावा लागतो. आजच डॉक्टरांना फोन कर. कार्बिमाझोलचा (थायरॉइडचं संप्रेरक बनणं रोखणाऱ्या गोळीचा) गुण यायला काही आठवडे जातात, कारण ग्रंथीत आधीचा साठा असतो. टी-४ उतरला की स्टिरॉइडही त्यांच्या सांगण्यानुसार खाली आणायचं.

वजन उतरणं, गळाठा, जुलाब दोन्ही आजारांत होतात, म्हणून सगळं थायरॉइडच्या माथी मारू नकोस. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घे, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, घेरी आली, मीठ खावंसं वाटलं, तर स्टिरॉइड कमी पडतंय असंच धर. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर हे बीपीचे आकडे आधी दाखव, कारण त्याने बीपीही उतरतं.

कार्बिमाझोलवर असताना ताप किंवा घसादुखी आली, तर ती गोळी थांबव आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) कर. पांढऱ्या पेशी घसरू शकतात. त्याच तापासाठी हायड्रोकॉर्टिसोन मात्र वाढवायचं असतं. घाईत नेमकं उलटं होतं, म्हणून दोन्ही गोळ्यांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना, तर वाट बघायची नाही. हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनच्या १०० मिलिग्रॅमच्या कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात २ मिली इंजेक्शनचं पाणी सोडायचं, भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत कुपी हलक्या हाताने फिरवायची, सगळं सिरिंजमध्ये ओढून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सुई सरळ आत घालून द्यायचं. वहिनींना नर्सकडून शिकून घेऊ दे आणि संत्र्यावर दोन-तीनदा सराव करू दे. इंजेक्शननंतर लगेच दवाखाना. तिथे पहिलं वाक्य, "ॲडिसन आहे, हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन लागेल." रिपोर्टसाठी उपचार अडवून ठेवू द्यायचे नाहीत.

कपाटातल्या कुपीची एक्स्पायरी आज बघ आणि मला कळव.

तुझा,
विनय