धरणगावच्या अप्पांना, अर्ध्या स्पंजबद्दल

अप्पा, नमस्कार.

फोनवर तुम्ही थँक्यू म्हणूच देत नाही, "बरं बरं, पाणी बदललं का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकून घ्या.

मे महिन्यातलं जळगाव काय सांगायचं, पारा ४४ च्या वर, त्यात दुपारी लाईट जाणार, आणि माझ्या फिशटँकमधले निऑन टेट्रा मासे रोज सकाळी एकेक करून मेलेले सापडायचे. ज्या दुकानातून टँक घेतला त्याने टँक, माती, झाडं, लाईट आणि मासे सगळं एकाच दिवशी गाडीत भरून दिलं होतं, "आजच सोडा ताई, काही होत नाही." मासे मरायला लागल्यावर त्याच्याकडे गेलं की नवी बाटली. आधी निळं औषध, मग पिवळं. पाणी नळाचं टाकता का बोरचं, एवढं साधं त्याने कधी विचारलं नाही. शेवटी काय म्हणतो, "आपल्या खान्देशच्या उन्हात हे मासे टिकत नाहीत, गप्पी घेऊन जा." विकताना खान्देश कुठे गेला होता रे भो?

घरच्यांचं तर विचारूच नका. मासाच मेला ना, चिकन खाताना रडतेस का वगैरे.

आणि मग तुम्ही. ओळख ना पाळख, भावाच्या मित्राकडून नंबर मिळालेला. "काय व्हयनं ताई, निवांत सांगा" म्हणालात आणि खरंच निवांत ऐकलंत. मासे वर येऊन तोंड उघडतात का, पाणी बोरचं का, टँक किती जुना, एवढंच विचारलंत आणि सांगितलंत की माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये बसायला महिनाभर तरी लागतो, तुमच्या टँकमध्ये ते अजून आलेलेच नाहीत, त्यात बोरचं क्षारयुक्त पाणी आणि ही गर्मी, असल्या पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो, शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी. आणि औषधाने उलट होते नव्हते ते बॅक्टेरियाही जातात. इतक्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी कारण सांगितलं.

पण मला लिहायचंय ते त्या डब्याबद्दल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोंडाला रुमाल गुंडाळून तुम्ही मोटरसायकलवर आलात, आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या स्टीलच्या डब्यात तुमच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं चालू असलेल्या फिल्टरचा स्पंज, कात्रीने मधोमध कापलेला. सासूबाई म्हणाल्या हे घाणेरडं काय टाकताय पाण्यात, तर तुम्ही म्हणालात, "मावशी, हीच घाण कामाची." नंतर बोलता बोलता कळलं की डिकी तापते म्हणून डबा डिकीत टाकला नव्हता, हँडलला अडकवून आणला, आणि वाटेत पाळधीला झाडाखाली थांबून झाकण उघडून ठेवलं होतं, कारण बॅक्टेरियालाही हवा लागते. डोळ्याला न दिसणाऱ्या जीवासाठी उन्हात गाडी थांबवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही अप्पा, अजूनही हे लिहिताना गळा भरून येतोय.

बाकीचं सगळं, पाण्यावर टेबलफॅन, आरओचं पाणी मिसळणं, खाणं कमी करणं, ते झालं हळूहळू. उरलेले चारदोन मासे लाकडामागे लपून बसायचे, तर तुम्ही म्हणालात हा थव्याने राहणारा मासा, एकटादुकटा घाबरतो, पण नवीन आत्ताच आणायचे नाहीत. दुकानदाराने त्याच दिवशी डझनभर गळ्यात मारले असते! पाणी नीट झाल्यावर तुम्ही तुमच्याच टँकमधले आणून सोडलेत. आता सगळे मिळून एका झटक्यात वळतात, बघतच बसावं. आणि हो, रात्री अकराला फोन करून रंग उडाला रंग उडाला म्हणून मी ओरडले तेव्हा झोपेतून उठून हसलात, अंधारात निऑन फिका पडतोच, लाईट लावून थांबा जरा म्हणालात. चिडला नाहीत.

माहिती असणारे खूप भेटतात हो, पण विचारलं की आधी तुमची अक्कल काढतात, नाहीतर काहीतरी विकतात. ज्याला येतं त्याने समोरच्याला लहान न करता सांगावं, एवढंही आजकाल फार वाटायला लागलंय.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मग आता हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की काकूंना घेऊन भरीत आणि कळण्याची भाकर खायला यायचं, कारणं नकोत. आणि तुम्ही दिलेला व्हॅलिसनेरिया, ते लांब पात्यांचं पाण्यातलं झाड, सगळ्या टँकभर माजलाय, येताना एक रिकामी बादली आणा.