रत्नागिरीचा आवाज रत्नागिरीतूनच येऊ द्या : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. सगळी नोकरी शाळेत झाली, आता निवृत्त आहे. घरात रेडिओ अजून रोज लागतो. आपल्याकडे मागणं एकच आहे. कोकणपट्टीसाठीचे आकाशवाणीचे कार्यक्रम कोकणात, इथल्या माणसांच्या तोंडून होत राहावेत, आणि ते डोंगराआडच्या वाडीत व समुद्रावरच्या होडीत ऐकू जावेत.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे मनात बसलेली एक धास्ती. जून 2023 मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं. महाराष्ट्रभरातून लोक बोलले आणि आपल्या मंत्रालयाने तो निर्णय स्थगित केला. त्याबद्दल मनापासून आभार. पण पुण्यासाठी बोलायला पुणे होतं. उद्या खर्चाचं गणित मांडताना कोणी म्हणालं की राज्यात एकाच ठिकाणी कार्यक्रम करू आणि बाकीची केंद्रं तोच पुढे पाठवतील, तर रत्नागिरीसाठी कोण बोलेल? म्हणून आधीच बोलते.

रत्नागिरी केंद्र 1977 साली सुरू झालं. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता, तो 1981 ला झाला. बाणकोटच्या खाडीपासून रेडीपर्यंत सगळा एकच जिल्हा, आणि त्या सगळ्याला मिळालेलं हे पहिलं स्वतःचं केंद्र. त्याआधी आम्ही रेडिओ ऐकत नव्हतो असं नाही. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून सुधा नरवणे बातम्या द्यायच्या, त्यावर घरातली घड्याळं लावली जायची. रात्री सिलोनवर अमीन सयानी. दक्षिणेकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याला पणजी केंद्र चांगलं लागायचं. हे सगळे आवाज आम्हाला प्रिय होते. पण त्यांत आमच्या गावाचं नाव कधी यायचं नाही. फणसोप, गोळप, पूर्णगड, साखरी नाटे ही नावं रेडिओतून पहिल्यांदा ऐकली तेव्हा आजीने हातातलं सूप खाली ठेवलं होतं.

आमचा ट्रान्झिस्टर माजघरातल्या फडताळावर असायचा, चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरात. पावसाळ्यात वीज गेली की चार-चार दिवस यायची नाही, पण सेल असले की रेडिओ चालायचा. सेल उतरले की उन्हाची तिरीप पाहून आजी ते पायरीवर ठेवायची आणि आणखी दोन दिवस ढकलायची. रत्नागिरी खरखरायला लागलं की संच जरा वळवायचा, खिडकीकडे एक बाजू करायची. मध्यम लहरी पकडणारा एरियल संचाच्या आतच असतो आणि त्याला दिशा लागते, हे मला पुढे मुलांना विज्ञान शिकवताना कळलं. आजीला ते आधीपासून माहीत होतं.

शाळेत असताना एकदा समूहगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी आम्हा मुलींना केंद्रावर नेलं होतं. आमचं काम झाल्यावर एका भल्या गृहस्थांनी आम्हाला काचेच्या अलीकडे उभं करून आतलं निवेदन दाखवलं. आत बसलेल्या बाईंचा आवाज आम्हाला पाठ होता, चेहरा पहिल्यांदाच दिसत होता. समोर तबकड्यांची दोन यंत्रं, मध्ये माईक, बाजूला श्रोत्यांच्या फर्माइशींच्या पोस्टकार्डांचा रबर लावलेला गठ्ठा. एका यंत्रावर गाणं चालू होतं. त्यांनी दुसऱ्यावर तबकडी ठेवली, सुई टेकवली, हेडफोन कानाला लावून गाण्याचा पहिला सूर कुठे लागतो ते शोधलं आणि तबकडी अर्धा फेरा उलटी फिरवून बोटाने धरून ठेवली. पहिलं गाणं संपत आलं तशी एक कळ वर सरकवली. लाल दिवा लागला. त्यांनी चार नावं वाचली, गावांसकट, आणि चौथ्या नावाच्या शेवटच्या अक्षराला बोट उचललं. गाणं तिथल्या तिथे सुरू झालं. मग कळ खाली घेऊन त्या खोकल्या, पाणी प्यायल्या आणि आमच्याकडे बघून हसल्या. घरात बसून ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं, त्याला फक्त गोड आवाज आणि लगोलग आलेलं गाणं ऐकू येत होतं. आज आरजे म्हटलं की घडाघडा बोलणारी तरुण मुलं डोळ्यांसमोर येतात, त्यांचंही कौतुकच आहे. पण कमी बोलून आपला वाटणारा आवाज मी त्या काचेमागे पाहिला, आणि पुढे वर्गात शिकवताना तो मनात धरून शिकवलं.

त्या गठ्ठ्यात आमच्याही घरचं एक कार्ड असे. 15 पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर गाण्याचं नाव आणि मग नावांची रांग. वाडीतलं कोणी सुटू नये म्हणून अक्षर बारीक होत होत पत्त्याच्या बाजूला शिरायचं. मुंबईला असलेल्यांची नावंही घालायची. 1982 च्या गिरणी संपात आमच्या वाडीतले कितीतरी पुरुष गावी परतले होते. संध्याकाळी ते ओटीवर बातम्यांची वाट बघत बसायचे, संप मिटला का एवढंच ऐकायला. बातम्या संपल्या की कोणी उठायचं नाही, कारण पुढे भजन असायचं, कधी नमन, कधी जाखडी नाचातला शक्ती-तुरा, अशी आमची कोकणातली लोककला. ज्यांना मुंबईने परत पाठवलं होतं त्यांच्या गावचं गाणं रेडिओवर लागत होतं. त्या दिवसांत याचा किती आधार होता, ते ओटीवर बसलेल्यांनाच ठाऊक.

शेतीचंही तसंच. हापूसचा मोहोर, तुडतुडे, करपा, फवारणी कधी घ्यायची आणि कधी अजिबात घ्यायची नाही, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ रेडिओवरून सांगायचे. नारळाचं भाट्येच्या नारळ संशोधन केंद्रातून कळायचं. विदर्भातल्या कापसाचा सल्ला तिथल्या शेतकऱ्याला मोलाचा असेल, आमच्या कलमांना त्याचा काय उपयोग? राज्यभर एकच कार्यक्रम लावला तर नेमकं हेच होणार आहे.

आता समुद्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दिल्लीहून तो दिसत नाही.

नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं. ऐन मासेमारीचा हंगाम, बोटी दूर गेलेल्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर किती घरांतली माणसं परत आली नाहीत, हे इथे कोणालाही विचारा. आमच्या ओळखीचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वाचला. रेडिओवर वाऱ्याचा इशारा ऐकून त्याने जाळी अर्धवट ओढून घेतली आणि बोट जयगडच्या खाडीत घातली. आज मोठ्या ट्रॉलरवर बिनतारी संच असतात, जीपीएस असतं. पण पात, म्हणजे छोटी होडी, घेऊन जाणाऱ्या दोघा-तिघांकडे काय असतं? मोबाईल, आणि किनारा मागे पडला की त्याची रेंज जाते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे मुके झाले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी 22 जुलैला चिपळूण पाण्यात गेलं, तेव्हाही फोन आधी गेले. मदत कुठे वाटली जाते, कोणता घाट बंद आहे, कोणत्या पुलावरून जाता येतं हे अशा वेळी दोन सेलांवर चालणारा रेडिओ सांगू शकतो. मात्र सांगणारा माणूस जवळ असावा लागतो. शे-दोनशे मैलांवर बसलेल्या निवेदकाला परशुराम घाटात दरड कुठे आली हे कसं कळणार? सरकारनेच 2023 मध्ये मोबाईल कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ चालू ठेवायला सांगितलं, आणि कारण दिलं आपत्तीचं. म्हणजे रेडिओची गरज आपल्याला पटलेलीच आहे. फोनमध्ये रेडिओ असला आणि त्या रेडिओत आपल्या गावाची खबर नसली, तर अडलेल्या माणसाला तो काय कामाचा?

आता लहरींबद्दल. रत्नागिरी केंद्र आम्ही वर्षानुवर्षं मध्यम लहरींवर, 1143 किलोहर्ट्झवर ऐकत आलो. या लहरी जमिनीला धरून पुढे जातात आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब जातात. एफएमचा आवाज निर्मळ, पण त्याची वाट सरळ रेषेची. मध्ये डोंगर आला की संपलं. आमच्याकडे सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार, मग उतार, मग खाडी, पुन्हा चढ, असाच सगळा मुलूख. सड्यावर खणखणीत ऐकू येणारं स्टेशन खालच्या वाडीत नुसतं फुसफुसतं.

जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर केली. एफएमची व्याप्ती देशाच्या 59 टक्के भूभागावरून 66 टक्क्यांवर आणि 68 टक्के लोकसंख्येवरून 80 टक्क्यांवर न्यायची, असं तिचं उद्दिष्ट. त्याच एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी 100 वॅटचे 91 नवे एफएम प्रक्षेपक (ट्रान्समीटर) सुरू केले. हे काम चांगलंच आहे. पण उरलेल्या 20 टक्क्यांत कोण असतं? राजापूरच्या खोऱ्यातली, संगमेश्वरच्या दऱ्यांतली, सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी असते. आणि अशा छोट्या प्रक्षेपकावरून बहुधा दुसऱ्या केंद्राचाच कार्यक्रम पुढे पाठवला जातो, तिथे बसून बोलणारं कोणी नसतं. मनोरा म्हणजे केंद्र नव्हे.

मध्यम लहरींचा प्रक्षेपक महाग पडतो, वीज खातो, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, हे मी समजू शकते. तरीही किनाऱ्याच्या जिल्ह्यांसाठी तो ठेवण्याचा वेगळा विचार व्हावा. नाहीच ठेवता आला, तर तो बंद करण्याआधी प्रत्येक खोऱ्यात एफएम पोचतं की नाही हे जागेवर जाऊन, साधा संच हातात धरून तपासावं. कागदावरच्या नकाशात वर्तुळ काढून ते कळणार नाही.

माणसांबद्दलही सांगायला हवं. केंद्रांवरचे बरेचसे आवाज नैमित्तिक उद्घोषकांचे असतात. ड्युटीमागे मानधन आणि महिन्याला जेमतेम सहा ड्युट्या, असं त्यांचं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. कोणी शिकवण्या घेतं, कोणी दुकान सांभाळतं आणि पहाटेच्या प्रसारणाला अंधारात स्कूटर काढून केंद्रावर पोचतं. श्रोत्यांना ते घरचे वाटतात, कार्यालयाच्या लेखी मात्र ते तात्पुरतेच राहतात. त्यांच्या मानधनाचा आणि ड्युट्यांचा प्रश्न आपण हाती घ्यावा. मालवणी, संगमेश्वरी बोलणारी तरुण मुलं या कामात यायला हवी असतील तर त्यांना पोटाची काही शाश्वती लागेल.

आणि जुन्या टेपा. अशा केंद्रांच्या कपाटांत चुंबकीय फितींवर काय काय असतं! आता हयात नसलेल्या भजनीबुवांचा आवाज, दशावताराची रात्र, नमनातली गवळण, जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायका. यातलं पुष्कळसं कुठेच छापलं गेलेलं नाही आणि बाजारात कधी विकलंही गेलेलं नाही. आमच्या हवेत लोखंड गंजतं, पुस्तकांना वाळवी लागते, फितीवर बुरशी चढायला एक ओला पावसाळा पुरतो. कोकणच्या टेपांचं डिजिटल जतन कोकणातच व्हावं. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे, त्याला सोबत घेता येईल. ज्या गावात ध्वनिमुद्रण झालं त्या गावाला त्याची एक प्रत मिळावी. नातवाने पणजीचा आवाज ऐकायला दिल्लीला अर्ज करायचा, असं होऊ नये.

23 जुलै 1927 ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. 2027 मध्ये त्याला शंभर वर्षं होतील आणि रत्नागिरी केंद्राला पन्नास. दिल्ली-मुंबईत शताब्दीचे सोहळे होतील, व्हायलाच हवेत. त्या वर्षाच्या आत रत्नागिरीसाठी तीन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात, अशी विनंती आहे. स्थानिक निर्मितीचे तास कमी होणार नाहीत. किनारा आणि खोरी या दोन्हीकडे आवाज पोचल्याची खात्री झाल्याशिवाय जुना प्रक्षेपक बंद होणार नाही. टेपांच्या जतनासाठी वेगळी रक्कम आणि मुदत ठरेल.

या पत्राचं उत्तर आपण द्याल याची खात्री आहे. शक्य झालं तर ते रत्नागिरी केंद्रावरून वाचलं जावं, सकाळच्या बातम्यांनंतर. तेव्हा मिरकरवाड्यापासून आंबोळगडापर्यंत बहुतेक माणसं जागी असतात.

आपली नम्र,
रत्नागिरी तालुक्यातील एक श्रोती